वीस वर्षांनंतरची भेट : संत जॉन हेन्री न्यूमन आणि त्यांचे कॉलेजमित्र



संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. संत जॉन हेन्री न्यूमन यांचे तसे नाही. ते ११ ऑगस्ट १८९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात प्रभुवासी झाले, परंतु त्यांचा सण आपण ९ ऑक्टोबरला पाळतो. १८४५ साली त्या दिवशी त्यांनी अँग्लिकन पंथ सोडून कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. आपल्यासाठी तो आनंदाचा दिवस आहे. त्यांच्या जिवलग मित्रांसाठी मात्र तो घरातले माणूस गेल्यासारखा दिवस होता. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. तेव्हा त्यांच्या विद्वत्तेबद्दल सर्वत्र पुष्कळ लिहिले गेले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही त्यांचा 'ग्रामर ऑफ असेंट' हा १८७० सालचा ग्रंथ वाचला. तो ग्रंथ थोर आहे, परंतु रविवारी मिस्सा आटोपून घरी जाताना वाचण्याचा तो विषय नव्हे. त्यामुळे आज आम्ही त्यांच्या मित्रांविषयीच सांगणार आहोत.

न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँकेच्या धंद्यात होते. पुढे ती बँक बुडाली. वयाच्या सोळाव्या वर्षी हा मुलगा ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात राहायला आला. तेथे त्याला पहिला मित्र मिळाला तो जॉन बाउडेन. दोघांचा वाढदिवस एकच, बाउडेन तीन वर्षांनी मोठा. दोघे इतके एकत्र असत की कॉलेजातील लोक एकाला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारीत. अभ्यास अति झाल्यामुळे १८२० च्या पदवी परीक्षेत न्यूमन जवळजवळ आपटलेच. तरीही दोन वर्षांनी त्यांनी ओरिएल कॉलेजच्या फेलो पदासाठी परीक्षा दिली. ही त्या काळची ऑक्सफर्डमधील सर्वांत मानाची जागा. परीक्षा चालू असताना त्यांचा धीर सुटला आणि ते माघार घ्यायला निघाले. तेव्हा त्यांचे ट्रिनिटीचे शिक्षक थॉमस शॉर्ट यांनी त्यांना आपल्या खोलीवर बोलावून घेतले, जेवणाच्या ताटावर बसवून धीर दिला आणि परत पाठवले. त्या दिवशी ताटात कोकराच्या मांसाच्या कटलेट होत्या, ही बारीक गोष्टसुद्धा न्यूमन यांनी जन्मभर लक्षात ठेवली. शिक्षकाने खाऊ घातलेला घास विद्यार्थी विसरत नाही, हे आपल्या गावातील जुन्या मास्तरांना विचारावे!

१२ एप्रिल १८२२ रोजी निकाल लागला आणि न्यूमन ओरिएलचे फेलो झाले. अभिनंदनाला आलेल्यांमध्ये जॉन कीबल होते. न्यूमनपेक्षा नऊ वर्षांनी मोठे, अठराव्या वर्षी दोन विषयांत पहिला वर्ग मिळवलेले, अत्यंत साधे आणि लाजाळू गृहस्थ. कीबल यांनी हात हातात घेतला तेव्हा या तरुणाला इतका संकोच झाला की जमीन दुभंगून आत घेईल तर बरे असे वाटले. पुढच्याच वर्षी एडवर्ड पुझी हाही ओरिएलचा फेलो होऊन आला. ठेंगणा, कुरळ्या पिवळसर केसांचा, झपझप चालणारा मुलगा. पुढे तो हिब्रू भाषेचा प्राध्यापक झाला. हे काही एका बाकावर बसणारे वर्गमित्र नव्हेत हे खरे, परंतु एकाच ताटात जेवणारे, एकमेकांची प्रवचने तपासणारे, रात्री दिवा जळेपर्यंत वाद घालणारे मित्र होते. तिघेही अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले.

त्या वेळचा अँग्लिकन पंथ म्हणजे सरकारचे एक खाते होऊन बसला होता. बिशप कोणी व्हायचे, कोठला धर्मप्रांत बंद करायचा, हे पार्लमेंट ठरवू लागले. १४ जुलै १८३३ रोजी कीबल यांनी सेंट मेरी चर्चमधून त्याविरुद्ध प्रवचन केले. न्यूमन त्याच आठवड्यात युरोपच्या लांब प्रवासातून आजारपण काढून परतले होते. परतीच्या वाटेवर संत्री भरलेल्या एका गलबतात वारा पडल्यामुळे अडकून पडले असता त्यांनी एक प्रार्थनागीत लिहिले होते. 'लीड, काइंडली लाइट' हे ते गीत. पुढे ते महात्मा गांधींचे आवडते झाले आणि त्यांच्या आश्रमातील प्रार्थनेत गायले जाऊ लागले. कीबल यांच्या प्रवचनापासून एक चळवळ सुरू झाली असे न्यूमन नेहमी मानीत. प्रेषितांपासून आलेली श्रद्धा, संस्कार, उपवास, नित्य प्रार्थना या गोष्टी आपल्या पंथात पुन्हा जिवंत कराव्यात म्हणून या मित्रांनी १८३३ ते १८४१ या काळात ९० पत्रके काढली. न्यूमन सेंट मेरीच्या व्यासपीठावरून दर रविवारी बोलत आणि तरुण मुले जेवण चुकवून ऐकायला येत.

एकमेकांची दुःखेही त्यांनी वाटून घेतली. १८३९ साली पुझी यांची पत्नी मारिया क्षयाने वारली, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसले ते न्यूमनच. पुझी कोणालाही भेटायला तयार नव्हते. त्या दिवशीचे न्यूमनचे येणे त्यांनी देवदूताच्या येण्यासारखे मानले.

आणि मग फाटत गेले.

आद्य ख्रिस्तसभेच्या पितरांचे ग्रंथ वाचता वाचता न्यूमन यांना वाटू लागले की आपण ज्याला मधला मार्ग म्हणतो तो मुळात कधी नव्हताच. १८४१ च्या ९० व्या पत्रकावर विद्यापीठाने आणि बिशपांनी कोरडे ओढले. न्यूमन यांनी लिटलमोर या खेड्यात घोड्यांच्या पागेच्या खोल्या करून तेथे प्रार्थना आणि उपवासाचे जीवन सुरू केले. सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी सेंट मेरीचा राजीनामा दिला आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला लिटलमोरच्या चर्चमध्ये अँग्लिकन धर्मगुरू म्हणून शेवटचे प्रवचन केले. विषय होता मित्रांची ताटातूट. लोक मोठ्याने रडत होते. पुझीही तेथेच होते आणि तेही रडले. त्याच वर्षी फ्रेडरिक रॉजर्स या लाडक्या शिष्याने पत्र लिहून संबंध तोडले. बाउडेन १८४४ साली वारला. दोन वर्षांनी थांबूनही उत्तर बदलले नाही. ८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री डॉमिनिक बार्बेरी नावाचे इटालियन धर्मगुरू धो धो पावसात भिजून लिटलमोरला पोहोचले आणि शेकोटीजवळ अंग सुकवत असतानाच न्यूमन त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले.

आज आपल्याला वाटेल, एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्यात जाणे ही एवढी मोठी गोष्ट कशी? तर त्या काळी ३९ कलमांवर सही केल्याशिवाय ऑक्सफर्डला प्रवेशच मिळत नसे. कॅथलिकांना ते दार बंद. ओरिएलची जागा न्यूमन यांनी आधीच सोडून दिली होती. म्हणजे घर, पगार, पुस्तकांनी भरलेली खोली, व्यासपीठ, सगळे गेले. इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हटला की सामान्य माणसाला परका आणि लबाड वाटे. बहीण हॅरिएट हिने बोलणे टाकले. ती १८५२ साली वारली, समेट न होताच. फेब्रुवारी १८४६ मध्ये ते ऑक्सफर्ड सोडून निघाले. शेवटच्या रात्री निरोपाला थोडे मित्र आले, पुझीही आले. त्यानंतर कित्येक वर्षे आगगाडीच्या खिडकीतून ऑक्सफर्डचे मनोरे दिसत, तेवढेच.

मधल्या वीस वर्षांचे आम्ही झटपट सांगतो. रोममध्ये १८४७ साली धर्मगुरुदीक्षा, बर्मिंगहॅममध्ये संत फिलिप नेरी यांच्या संघाची स्थापना, गिरणी-कारखान्यांतील गरीब आयरिश लोकांत काम, डब्लिनला कॅथलिक विद्यापीठ काढण्याची खटपट. त्यातील पुष्कळ गोष्टी फसल्या. नव्या घरातही काही वरिष्ठांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. जुने लोक म्हणत हा फितूर झाला आणि नवे म्हणत हा अजून अर्धा तिकडचाच आहे. पुझी यांच्याशी अधूनमधून पत्रव्यवहार होता. कीबल यांच्याकडून मात्र १८४६ नंतर शांतता.

ही शांतता कशी फुटली ते पाहण्यासारखे आहे. १८६२ च्या जूनमध्ये लंडनच्या रस्त्यात न्यूमन यांना अचानक कोपलँड भेटले. हे लिटलमोरला त्यांच्या हाताखाली साहाय्यक होते. रस्त्यातल्या भेटीत काय बोलणार! परंतु त्यातून जाणेयेणे सुरू झाले आणि कोपलँड यांनी इतरांना जाऊन सांगितले. ऑगस्ट १८६३ मध्ये कीबल यांचे पत्र आले. इतकी वर्षे गप्प राहिलो याची खंत त्यांनी मोकळेपणाने कळवली होती. त्याच महिन्याच्या शेवटी रॉजर्स बर्मिंगहॅमला आले. वीस वर्षांपूर्वी पत्र लिहून मैत्री तोडणारे हेच ते रॉजर्स. आता सरकारात मोठे अधिकारी झालेले हे गृहस्थ न्यूमनना पाहताच रडू लागले आणि किती वेळ हात सोडेनात.

पुढच्या वर्षी चार्ल्स किंग्स्ली या लेखकाने एका मासिकात लिहिले की कॅथलिक धर्मगुरूंना सत्याची चाड नसते, आणि त्यासाठी त्यांनी न्यूमन यांचे नाव घेतले. न्यूमन यांनी आपल्या आयुष्याची कहाणी लिहून उत्तर दिले. 'अपोलोगिया' हे ते पुस्तक १८६४ च्या एप्रिलपासून दर आठवड्याला भागाभागाने निघाले. एकदा ते सलग २२ तास लिहीत बसले. लिहिताना रडू येई. जुनी पत्रे आणि तारखा पडताळून देण्यासाठी त्यांनी हाक मारली ती रॉजर्स आणि रिचर्ड चर्च या अँग्लिकन मित्रांना, आणि ते धावून आले. १८६५ साली त्या दोघांनी मिळून न्यूमनना एक व्हायोलिन भेट दिले. न्यूमन लहानपणापासून वाजवीत; मधल्या वर्षांत ते सुटले होते. या वयात पुन्हा हात बसला आणि त्यांनी ते मनसोक्त वाजवले.

आता ती भेट. कीबल हे विंचेस्टरजवळच्या हर्स्ली गावी १८३६ पासून धर्मगुरू होते. १२ सप्टेंबर १८६५ रोजी न्यूमन आयल ऑफ वाइट बेटाकडे जाताना हर्स्लीला वळले. आधी पत्रापत्री झाली होती, पण पत्रे चुकामूक झाली. नेमके त्याच दिवशी पुझीही तेथे आले होते. न्यूमन येऊ नयेत असे कीबल यांनी कळवले होते. दोघांना एकदम समोरासमोर आणणे त्यांना जड वाटत होते. ते पत्र वेळेवर पोहोचले नाही.

दारात एक म्हातारे गृहस्थ कोणाशी तरी बोलत उभे होते. त्यांनी न्यूमनना ओळखले नाही आणि नाव विचारले. आश्चर्य म्हणजे, ज्यांना भेटायला म्हणून मुद्दाम आलो तेच हे, हे न्यूमननाही कळले नाही, आणि आपण कोण असे विचारायला ते भ्याले. न बोलता त्यांनी खिशातून आपल्या नावाचे कार्ड काढून पुढे केले. ज्याच्या हाताच्या स्पर्शाने एके काळी जमिनीत शिरावेसे वाटले होते, त्याच्या हातात हे नावाचे कार्ड! मग ओळख पटली आणि कीबल यांची ती जुनी प्रेमळ धांदल सुरू झाली. पत्नीला त्याच दिवशी आजाराचा झटका आला होता. आणि पुझी आत आहेत, हे त्यांनी कुजबुजत सांगितले. त्या क्षणी न्यूमनना वाटले की आपण आलो नसतो तर बरे झाले असते, आणि बहुधा यजमानांनाही तसेच वाटले असावे.

कीबल आत जाऊन पुझींना सांगून आले. न्यूमन भराभर खोलीत शिरले. पुझी कोपऱ्याकडे सरकले. कितीतरी वेळ दोघे एकमेकांकडे निरखून पाहत राहिले. न्यूमन यांच्या मनात आले, की हा माझे म्हातारपण पाहतो आहे, आणि मी त्याचे. तो ठेंगणा, झपझप चालणारा मुलगा आता रुंद छातीचा, जड देहाचा झाला होता. जणू भिंगातून मोठा करून दाखवावा तसा. आवाज मात्र तोच. डोळे मिटले तर काळ गेलाच नाही असे वाटावे.

तिघे एका टेबलावर जेवायला बसले. कीबल ७३ वर्षांचे, पुझी ६५, न्यूमन ६४. बोलणे झाले, प्रेमाने झाले, पण जपून. पुझी यांचे नवे पुस्तक येऊ घातले होते. रोम आणि अँग्लिकन पंथ यांच्या ऐक्याविषयी ते होते, पण त्यात कॅथलिकांच्या मरियाभक्तीवर बरीच टीका होती. ते त्याच उत्साहात होते आणि वादाच्या मुद्द्यांवर येत होते. न्यूमन यांच्या मनात जे दुःख दाटले त्याचे वर्णन त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या संघातील अँब्रोझ सेंट जॉन यांना पत्राने कळवले. ऐन उमेदीत खांद्याला खांदा लावून राबलेले तीन म्हातारे वीस वर्षांनी एका टेबलाभोवती बसतात, आणि आता एकच काम म्हणावे असे त्यांच्यामध्ये काही उरलेले नसते, मनातले मोकळेपणी बोलताही येत नाही. तीव्र नव्हे, पण जड असे दुःख, अशा आशयाचे ते पत्र आहे.

आम्हाला न्यूमन यांच्या सर्व लिखाणात हे खासगी पत्र फार मोलाचे वाटते. संतांच्या चरित्रांत अशा भेटी बहुधा गोड करून सांगितल्या जातात. एकमेकांच्या गळ्यात पडले, सर्व विसरले, वगैरे. येथे तसे काही झाले नाही. मेलमिलाप म्हणजे जुने दिवस परत येणे, अशी आपली समजूत असते. आपल्याकडे हल्ली दहावीच्या बॅचचे स्नेहसंमेलन होते. कोणी आखातातून येतो, कोणी कॅनडातून. कोणी आपली ख्रिस्तसभा सोडून दुसऱ्या प्रार्थनागटात गेलेला असतो, आणि त्याच्या शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी राहते. त्याच्याशी काय बोलावे हा प्रश्न खरा आहे. धर्माचे सोडून सगळे बोलावे, तर तो परका वाटतो. धर्माचे बोलावे, तर जेवण थंड होते. हर्स्लीच्या टेबलावर तीन थोर ईश्वरज्ञानी बसले होते, तरी त्यांनाही ते जमले नाही. आपला विचार कोणी सोडला नाही, आणि सोडल्याचे नाटकही केले नाही. न्यूमन यांनी तर चारच महिन्यांनी पुझींच्या पुस्तकाला जाहीर उत्तर लिहिले, आणि ते स्नेहाने लिहिले तरी सडेतोड लिहिले.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. न्यूमन यांची निघण्याची वेळ होत आली तेव्हा पुझी संध्याकाळची प्रार्थना चालवायला चर्चमध्ये गेले. न्यूमन आणि कीबल बाहेर मोकळ्या हवेत दोघेच उरले. थोडे चालले. चर्च आणि त्याभोवतालची दफनभूमी यांच्याकडे पाहत दोघे न बोलता उभे राहिले. मग कीबल बोलू लागले, पूर्वीपेक्षाही जवळिकीने, जणू मधली वर्षे नव्हतीच. थोड्याच वेळात न्यूमनना निघावे लागले.

२९ मार्च १८६६ रोजी कीबल वारले. सात महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यांच्या पत्नी शार्लट सहा आठवड्यांनी गेल्या. पत्र वेळेवर पोहोचले असते तर ही भेट टळली असती, आणि मग ती झालीच नसती.

पुझी यांच्याशी पत्रव्यवहार चालू राहिला. १८६८ साली कोपलँड यांनी न्यूमन यांची अँग्लिकन काळातील प्रवचने आठ खंडांत पुन्हा छापून काढली. कॅथलिक धर्मगुरूची प्रवचने एका अँग्लिकन धर्मगुरूने संपादित केली, आणि दोन्ही पंथांतील लोकांनी ती वाचली. १८७५ मध्ये अँब्रोझ सेंट जॉन गेले. न्यूमन यांच्या उत्तरायुष्यातील हा सर्वांत मोठा घाव.

फेब्रुवारी १८७८ मध्ये ट्रिनिटी कॉलेजने त्यांना आपले पहिले मानद फेलो म्हणून बोलावले. बत्तीस वर्षांनी ते ऑक्सफर्डमध्ये पाऊल टाकीत होते. तेथे त्यांना भेटले ते थॉमस शॉर्ट, कटलेट खाऊ घालणारे तेच शिक्षक! वय नव्वदीच्या घरात, दृष्टी गेलेली. ७७ वर्षांचा विद्यार्थी त्यांच्याजवळ जाऊन बसला. पुझींच्या घरी जाऊन न्यूमन बराच वेळ बसले आणि कीबल यांच्या नावाने १८७० साली उघडलेले कॉलेजही पाहून आले. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी त्यांना कार्डिनल केले. बोधवाक्य म्हणून त्यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांचे एक लहान वचन निवडले. अंतःकरण अंतःकरणाशी बोलते, असा त्याचा भाव आहे. पुझी १६ सप्टेंबर १८८२ रोजी गेले, हर्स्लीच्या त्या भेटीला सतरा वर्षे झाली होती.

बर्मिंगहॅमच्या त्यांच्या खोलीला लागून एक लहान खासगी चॅपेल होते. तेथील भिंतीवर त्यांनी मित्रांची चित्रे लावली होती, आणि कोणाचा स्मृतिदिन कधी याची यादी ठेवली होती. मिस्सा अर्पण करताना ते त्या नावांची आठवण करीत. त्यात कॅथलिक होते तसे अँग्लिकनही होते.

अँग्लिकन पंथाच्या इंग्लंडमधील पंचांगात आज तिघांनाही स्थान आहे. कीबल यांचा दिवस १४ जुलै, म्हणजे त्या प्रवचनाची तारीख. पुझी यांचा १६ सप्टेंबर. आणि न्यूमन यांचा ११ ऑगस्ट. ते त्यांना मृत्यूच्या दिवशी आठवतात; आपण येण्याच्या दिवशी.

येत्या ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळच्या मिस्सेत आपण आपल्या शाळा-कॉलेजच्या मित्रमैत्रिणींसाठी प्रार्थना करणार आहोत. हयात असोत वा दिवंगत, आपल्या पंथाचे असोत वा दुसऱ्या धर्माचे, बोलणे चालू असो वा नसो. नावे चिठ्ठीवर लिहून आदल्या रविवारपर्यंत चर्चच्या दाराजवळील पेटीत टाकावीत. आडनाव आठवत नसेल तर नुसते नाव चालेल.

आपले धर्मगुरू